नको त्या सर्व्हिसेस बंद करण्याचा शिरस्ता कसा पडला

लिनक्स वेब सर्व्हर हाती आला की आधी नको त्या सर्व्हिसेस (पडद्यामागे सतत चालणारे प्रोग्रॅम) बंद करायच्या, हे आज नवशिका अ‍ॅडमिनही जाणतो. मशीन लवकर बूट व्हावं म्हणून ही सवय लागलेली नाही. ती वर्म्सनी, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅम्सनी लावली.

नव्वदच्या दशकाअखेर लिनक्स टाकलं की प्रिंटिंग, एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स वाटण्याची सोय), सेंडमेल (ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम) असं बरंच काही न मागता चालू व्हायचं. हेतू चांगला होता : सीडी घातली की सगळं चालावं. जानेवारी २००१ मध्ये रामेन वर्मने त्याची किंमत वसूल केली. रेड हॅट या लिनक्सच्या ६.२ आवृत्तीत तो एनएफएसच्या स्टॅटडी या सर्व्हिसमधून किंवा डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल देवाणघेवाणीच्या सर्व्हिसमधून घुसे, ७.० मध्ये एलपीआरएनजी या प्रिंटिंगच्या सर्व्हिसमधून. साइटचं पहिलं पान बदलून तिथे स्वतःचं पान लावी आणि ज्या वाटेने आला ती वाट स्वतःच बंद करी. दुरुस्त्या आधीच निघालेल्या होत्या. पण आपल्या वेब सर्व्हरवर प्रिंटिंग चालू आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो दुरुस्ती कशाची करणार? सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउज्डमधल्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा पोर्ट ६३१ वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचं क्रमांक दिलेलं दार) ऐकत बसलेली सर्व्हिस पुन्हा प्रिंटिंगचीच होती.

बंद करण्याची रीत मात्र बदलत गेली. जुन्या इनिटमध्ये (मशीन सुरू होताना सर्व्हिसेस चालू करणारा प्रोग्रॅम) प्रत्येक रनलेव्हलची, म्हणजे मशीन चालण्याच्या प्रत्येक अवस्थेची एक डिरेक्टरी आणि तीत लिंक्स असत. चेककॉन्फिग या कमांडने सेंडमेल ऑफ केलं की 'एस८०सेंडमेल' जाऊन 'के३०सेंडमेल' येई ('एस' म्हणजे सुरू करा, 'के' म्हणजे बंद करा). नुसती डिरेक्टरी पाहिली तरी काय चालू होणार ते कळे. २०१० मध्ये सिस्टमडी हे नवं इनिट आलं, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ ७ ने आणि २०१५ मध्ये डेबियन ८ ने ते मुख्य इनिट म्हणून घेतलं, आणि नुसतं 'डिसेबल' म्हणणं अपुरं पडू लागलं. एनएफएससारख्यांना लागणाऱ्या आरपीसीबाइंडची सर्व्हिस डिसेबल केली तरी तिचं सॉकेट युनिट (सर्व्हिसच्या वतीने पोर्टवर ऐकणारा सिस्टमडीचा भाग) पोर्ट १११ धरून बसतं आणि कुणी दार वाजवलं की सर्व्हिस उठते. दोन्ही युनिट्स थांबवून 'मास्क' केली, म्हणजे त्यांची लिंक डेव्ह-नल या पोकळ फाइलकडे वळवली, की ती खरी बंद होतात.

डेबियन आणि उबुंटूत आजही पॅकेज टाकताच सर्व्हिस सहसा सुरू होते. रेड हॅटच्या घराण्यात बहुतेक वेळा ती हाताने एनेबल करावी लागते. सर्व्हरसाठी मला दुसरी पद्धतच योग्य वाटते.