नांगीत आधी काय धरले आहे?

गेल्या आठवड्यात इंदूरमध्ये आमच्या घरी वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक पडले. ‘सलाइनद्वारे शरीरातील जड धातू काढून टाका’ असे आवाहन करणाऱ्या त्या पत्रकात औषधाचे नाव होते इडीटीए. त्याच सकाळी तपासणीसाठी आईचे रक्त ज्या जांभळ्या टोपणाच्या नळीत भरले गेले, तिच्या आतही इडीटीएच असते. ते रक्तातील कॅल्शियम पकडून ठेवते आणि कॅल्शियमविना रक्त गोठत नाही.

ही पकड मोठी देखणी आहे. इडीटीएचा रेणू दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा ठिकाणांनी धातूच्या आयनाला, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला, वेढतो. अशा पकडीला ‘किलेशन’ म्हणतात आणि हा शब्दही ग्रीक भाषेतील खेकड्याच्या नांगीवरूनच आला आहे. एक टोक सुटले तरी उरलेली पाच आयनाला धरून असतात, त्यामुळे सुटलेले टोक पुन्हा जागेवर येते. शिवाय आयनाला चिकटलेले पाण्याचे अनेक रेणू एकट्या नांगीमुळे मोकळे होतात, एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची विस्कळीतता, वाढते आणि ही जोडी अधिकच स्थिर होते.

शिशाच्या गंभीर विषबाधेत मात्र कॅल्शियम डायसोडियम इडीटीए देतात, म्हणजे नांगीत कॅल्शियम आधीच असते. शिशाशी होणारे बंधन कॅल्शियमपेक्षा सुमारे 2 कोटी पट मजबूत असल्याने नांगी कॅल्शियम सोडून शिसे उचलते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. विष मेंदूपर्यंत पोहोचले असेल, तर त्याआधी डायमरकॅप्रॉल टोचतात. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून तयार झालेले हे औषध शेंगदाण्याच्या तेलात मिसळलेले असते.

कॅल्शियमविना नुसते डायसोडियम इडीटीए शिरेतून गेले, तर नळीत घडते तेच शरीरात सुरू होते: रक्तातील कॅल्शियम घसरते आणि हृदय थांबू शकते. 2005 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात ऑटिझमवरील ‘उपचार’ म्हणून ते दिल्यामुळे एक पाच वर्षांचा मुलगा दगावला.

पत्रकात सलाइननंतर लघवीत वाढलेल्या शिशाचे आकडे पुरावा म्हणून दिले होते. थोडेबहुत शिसे प्रत्येकाच्या हाडांत असतेच, त्यामुळे हे औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही ते वाढते, आणि त्याबरोबर शरीराला हवे असलेले जस्तही जाते. बाटलीतील इडीटीए कॅल्शियमसह आहे की कॅल्शियमविना, हे मात्र त्या पत्रकात कोठेही छापलेले नव्हते.