वरचा दर ३७ टक्के, पण कशावर?

अमेरिकेतले अतिश्रीमंत सर्वांत वरच्या, म्हणजे ३७ टक्के दराने आयकर भरतात, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धंच खरं. तो दर पगारासारख्या उत्पन्नाला आहे. वर्षाहून जास्त ठेवलेले शेअर विकले तर नफ्यावर कमाल २० टक्के, वर ३.८ टक्के अधिभार. आणि विकलेच नाहीत तर? शून्य! शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. मालक वारला की वारसासाठी त्या दिवसाचा भाव खरेदीचा धरतात, आधीची सगळी वाढ आयकरातून सुटते.

अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनीच २०११ मध्ये लिहिलं होतं: आपला कर १७.४ टक्के, ऑफिसातल्या प्रत्येकाचा त्याहून जास्त.

‘श्रीमंत काहीच भरत नाहीत’ हीही थापच म्हणा. केंद्रीय आयकराचा सुमारे ४० टक्के वाटा वरच्या १ टक्का करदात्यांकडूनच येतो.