नैऋत्येला दोनशे किलोमीटर

निसर्ग (जून 2020) आणि तौक्ते (मे 2021) ही वादळं पाहिल्यापासून रत्नागिरीत हवामानाची बातमी लागली की घरातलं बोलणं थांबतं. अशाच एका मे महिन्यात मी मोबाइलवरून मोठ्याने वाचत होतो: केंद्र 15.7 अंश उत्तर, 72.0 अंश पूर्व. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणाऱ्या मावशी दारात पाटी उतरवून बसल्या होत्या. मुलगा होडीवर गेलेला. म्हणाल्या, "मास्तर, ते अंश राहू देत. आमच्यापासून कुठल्या अंगाला नि किती लांब, तेवढं सांगा."

पुढच्याच ओळीत ते होतं. रत्नागिरीच्या नैऋत्येला सुमारे 200 किलोमीटर.

मावशींनी जे मागितलं त्याला गणितात ध्रुवीय निर्देशक म्हणतात. शाळेत आपण x आणि y शिकतो, म्हणजे इतकं आडवं, इतकं उभं. इथे एक बिंदू धरायचा, तो ध्रुव. तिथून अंतर r आणि दिशेचा कोन θ, म्हणजे थीटा. कुलाब्याचं डॉप्लर रडार मुळात याच भाषेत बोलतं. अँटेना ज्या बाजूला वळलेला असेल तो θ, आणि सोडलेली लहर पावसाच्या थेंबांवर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून r. एका मिलिसेकंदात परतली तर पाऊस 150 किलोमीटरवर आहे. x आणि y हवेच असतील तर r cosθ आणि r sinθ.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. होकायंत्र उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतं, गणित पूर्वेपासून उलट्या दिशेने. पश्चिम होक्यावर 270, वहीत 180. दोन्हीकडे एकच आकडा येतो अशा दिशा दोनच: ईशान्य 45 आणि नैऋत्य 225. वास्तूवाले याच नैऋत्येला दार नको म्हणून लोकांना घरं फोडायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो. कोकणातला भात, आंबा, विहिरींचं पाणी, सगळं नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर उभं आहे. दिशा म्हणजे एक कोन, त्याला शुभ-अशुभ काही चिकटलेलं नसतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग: ऋण r. मुलं विचारतात, अंतर ऋण कसं असेल? रत्नागिरीत ईशान्येकडे, म्हणजे सह्याद्रीकडे तोंड करून उभे राहा आणि 200 किलोमीटर मागे मागे जा. पोहोचाल त्या वादळापाशीच. म्हणजे (200, 225°) आणि (−200, 45°) हा एकच बिंदू. तोंड कुठे करायचं ते θ सांगतो, पुढे जायचं की मागे ते r चं चिन्ह सांगतं.

हे पटलं की आलेख काढता येतात. मी मुलांना ओहोटीला भाट्याच्या पुळणीवर नेतो. ओल्या वाळूत खुंटी ठोकायची, सुरूच्या बनाची बाजू पूर्व, म्हणजे 0°. समीकरण r = 4 cos2θ, r पावलांत. दर 15 अंशांना खुंटीपाशी यायचं, त्या कोनाकडे तोंड करायचं, r पावलं जायचं, शिंपला ठेवायचा. 0° ला 4 पावलं, 15° ला साडेतीनला जरा कमी, 30° ला 2, 45° ला शून्य. सुरूच्या बाजूला अर्धी पाकळी झाली. 60° ला r होतो −2. तोंड उत्तरेच्या जवळपास, चालणं मागे, आणि शिंपला पडतो दक्षिणेच्या अंगाला. 90° ला −4: नाक सरळ उत्तरेला, शिंपला सरळ दक्षिणेला. 45° ते 135° पर्यंत मुलगा उत्तरेकडे बघत दक्षिणेची पाकळी काढत असतो. मग पश्चिमेची, मग दक्षिणेकडे तोंड करून उत्तरेची, आणि शेवटी पहिलीचा उरलेला अर्धा भाग. चार पाकळ्या.

cos2θ मधल्या 2 च्या जागी 3 घातले तर सहा होतील असं सगळ्यांना वाटतं, होतात तीनच. θ मध्ये 180° मिळवा. cos2θ च्या आतला कोन 360° ने वाढतो, r तोच राहतो पण तोंड उलटं होतं, म्हणून समोरच्या बाजूला नवा बिंदू मिळतो. cos3θ च्या आतला कोन 540° ने वाढतो, म्हणून r चं चिन्ह बदलतं. तोंडही उलटं, चालही उलटी. म्हणजे जुनाच बिंदू. म्हणून गुणक सम असेल तर पाकळ्या दुप्पट, विषम असेल तर तितक्याच.

फळ्यावर हे तीनदा सांगूनही नववीतल्या एका मुलीला पटत नव्हतं. पुळणीवर r = 4 cos3θ घेऊन ती 165° पर्यंत शिंपले ठेवत आली. 180° ला तिने समुद्राकडे तोंड केलं, r = −4, सुरूकडे मोजून चार पावलं मागे गेली आणि खाली वाकली. तिथे तिचा पहिला शिंपला होता.