ख्रिस्त कुणासाठी मरण पावला? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वधस्तंभावरचं येशूचं मरण हे पापांचं प्रायश्चित्त आहे, यावर चर्चच्या मुख्य प्रवाहांत दुमत नाही. वाद आहे तो ‘कुणाच्या पापांचं?’ यावर. योहानाचं पहिलं पत्र (२:२) ‘साऱ्या जगाच्या’ म्हणतं. योहानाच्याच शुभवर्तमानात (१०:१५) मात्र येशू मेंढरांसाठी प्राण देतो आणि थोडं पुढे काही श्रोत्यांना सांगतो, तुम्ही माझी मेंढरं नाही. दोन्ही वचनं मनापासून मानणाऱ्यांनाच हा पेच पडला. व्यासपीठावरून समोरच्या प्रत्येकाला ‘ख्रिस्त तुझ्यासाठी मेला’ असं सांगता येईल का, हा त्यातला खरा सल.

कुणाचं तारण होणार हे देवच निवडतो, या शिकवणीवर पहिल्यांदा एवढा भर दिला धर्मपंडित ऑगस्टीनने (३५४–४३०). ‘सर्व माणसांचं तारण व्हावं’ या वचनातल्या ‘सर्व’चा अर्थ त्याने ‘सर्व प्रकारची माणसं’ असाही लावून पाहिला. हाच धागा नवव्या शतकात गॉटशाल्क या साधूने टोकाला नेला: ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला. ८४८मध्ये माइन्झच्या सभेने त्याला दोषी ठरवलं. पुढच्या वर्षी किएर्झी इथे त्याला फटके मारले, त्याचं लिखाण त्याच्याच हातांनी जाळायला लावलं आणि मठात कोंडलं. तो सुटला नाही. ८५३मध्ये किएर्झीच्याच सभेने ठरवलं, की ख्रिस्ताने ज्याच्यासाठी दुःख सोसलं नाही असा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. दोनच वर्षांत व्हॅलेन्सच्या सभेने हा ठराव नाकारला. म्हणजे फटके मारूनही प्रश्न सुटला नव्हता.

बाराव्या शतकात धर्मपंडित पीटर लोंबार्डने तोडगा दिला: प्रायश्चित्त सर्वांसाठी पुरेसं, पण परिणामकारक निवडलेल्यांसाठी. मला हे सूत्र मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे प्रश्न नेमका झाला. ख्रिस्ताच्या मरणाचं मोल किती, हा वाद उरला नाही. देवाचा हेतू काय होता, एवढंच उरलं.

त्या हेतूवरूनच नेदरलँड्स पेटलं. निवडीच्या कडक शिकवणीला आक्षेप घेणारा डच धर्मपंडित याकोब आर्मिनियस १६०९मध्ये वारला. १६१०मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्यातलं दुसरं कलम असं: ख्रिस्त प्रत्येक माणसासाठी मेला, क्षमा मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच मिळते. निवाड्यासाठी नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डॉर्ट्रेख्ट इथे धर्मसभा भरली. इंग्लंड, जिनिव्हा, ब्रेमेन अशा ठिकाणांहून प्रतिनिधी आले. आर्मिनियसपंथीयांना आरोपी म्हणून उभं केलं आणि जानेवारीत बाहेर काढलं. सुमारे २०० पाळकांची पदं गेली. त्यांचा पाठीराखा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा मे १६१९मध्ये शिरच्छेद झाला. धर्माच्या वादात सत्तेचा वाद असा मिसळला होता.

तरीही त्या सभेचा निर्णय वाचताना थांबायला होतं. ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अनंत आहे, साऱ्या जगाच्या पापांना ते भरपूर पुरेल, आणि सुवार्ता सर्व राष्ट्रांना भेदभाव न करता सांगावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तारणाचा परिणाम मात्र निवडलेल्यांपुरता. इंग्लंडचा जॉन डेव्हनंट हा प्रतिनिधी तर प्रायश्चित्त एका अर्थी सर्वांसाठी आहे असं मानत होता, आणि त्यानेही सही केली. ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला या मताला ‘मर्यादित प्रायश्चित्त’ म्हणतात, पण त्या दोन शब्दांत ही सभा आटोपता येत नाही. फ्रान्समध्ये धर्मपंडित मोइझ आमिरोने १६३४पासून असाच मधला मार्ग मांडला. कॅथलिकांतही हा वाद उठला. १६५३मध्ये पोपने यान्सेनपंथीयांची, म्हणजे ऑगस्टीनच्या शिकवणीवर भर देणाऱ्या कॅथलिक गटाची, पाच विधानं निषिद्ध ठरवली, त्यांत ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं मानणं चूक आहे, असं सांगणारं एक होतं.

इंग्लंडमध्ये बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे यावरूनच दोन गट झाले, ‘जनरल’ (ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं मानणारे) आणि ‘पर्टिक्युलर’ (फक्त निवडलेल्यांसाठी असं मानणारे). अठराव्या शतकात दुसऱ्या गटातल्या काहींनी अविश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताकडे बोलावणंही गैर मानलं. त्याच गटातल्या अँड्र्यू फुलरने १७८५मध्ये ग्रंथ लिहून दाखवलं, की निवडीवर विश्वास ठेवूनही आमंत्रण सर्वांना देता येतं, नव्हे, द्यावंच लागतं. १७९२मध्ये केटरिंगला बाप्टिस्ट मिशनरी संस्था निघाली, तिचा पहिला सचिव फुलरच. तिने पाठवलेल्या विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११मध्ये मराठी नवा करार. दोन वर्षांनी मुंबईत पोहोचलेले अमेरिकन मिशनरी दुसऱ्या परंपरेतले होते. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्‌सच्या शिष्यांनी प्रायश्चित्त सर्वांसाठी आहे, अशीच शिकवण रुजवली होती.