'क्लाइव्ह' नावामागचा उतार

नावांच्या अर्थांच्या याद्यांमध्ये 'क्लाइव्ह' एका शब्दात उरकलेला असतो: कडा. अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. जुन्या इंग्रजीतला मूळ शब्द 'क्लिफ'. आज तो ऐकला की समुद्रावरचा तुटलेला कडा आठवतो. जुन्या गावनावांत मात्र तो टेकडीच्या अंगाला, साध्या चढणीला, नदीच्या उंच काठालाही लावलेला आढळतो. 'उतारापाशी' म्हणायचे तर शब्दाच्या शेवटी स्वर लागे, आणि दोन स्वरांमध्ये आलेल्या 'फ'चा 'व्ह' होई. त्यामुळे क्लिफ्टन, क्लिफर्ड, सटक्लिफ एकीकडे गेले आणि क्लाइव्ह, क्लीव्ह, क्लीव्हलँड दुसरीकडे. फाळणीच्या रेषेमुळे आपल्याला माहीत झालेले रॅडक्लिफ, म्हणजे तांबडा कडा, हेही याच गोतातले.

इंग्लंडमधल्या चेशायर आणि श्रॉपशायर या दोन्ही परगण्यांत क्लाइव्ह नावाचे गाव आहे. श्रॉपशायरमधले ग्रिन्सहिल या वालुकाश्माच्या टेकडीच्या अंगावर, समुद्रापासून बरेच आत वसले आहे. तेव्हा पहिला अर्थ 'उतार' धरावा, 'कडा' नंतर.

गावावरून आडनाव पडणे ही मध्ययुगातली नेहमीची रीत. विशेष हे, की पुढे या आडनावाचे पाळण्यातले नाव झाले, आणि त्याला कारण १७२५ मध्ये श्रॉपशायरात जन्मलेला एकच माणूस, रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासी सगळ्यांना ठाऊक आहे; मराठी मुलखाची त्याच्याशी गाठ त्याआधीच, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर पडली. आंग्र्यांचा काटा काढण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. जमिनीवरच्या इंग्रज फौजेचा प्रमुख क्लाइव्ह होता. लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्ला पेशव्यांना काही महिन्यांनी, बाणकोटच्या बदल्यात मिळाला. आरमाराची किंमत मोजून केलेला हा सौदा महागच पडला.

१८५० च्या दशकातल्या एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीच्या नायकाचे नाव क्लाइव्ह होते, बाप कंपनीच्या फौजेतला. नाव रुळायला त्याचा हातभार लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते ब्रिटनमध्ये चांगलेच रुजले आणि वसाहतींतही पोहोचले. १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत नाबाद २४२ धावा काढणारा वेस्ट इंडीजचा चष्मेवाला कर्णधार क्लाइव्ह लॉइड गयानाचा; त्याला हे नाव मिळाले ते साम्राज्याच्याच वाटेने. गोव्यात आणि वसईकडेही क्लाइव्ह भेटतात.

२०२० मध्ये श्रॉपशायरमधल्या श्रूजबरीच्या चौकातला रॉबर्ट क्लाइव्हचा १८६० चा पुतळा हटवण्याची मागणी झाली. स्थानिक परिषदेने तो ठेवला. त्याच वर्षी एका इंग्रजी शाळेने विद्यार्थ्यांच्या गटाला दिलेले हे नाव बदलले. ब्रिटनमध्ये मुलांना क्लाइव्ह नाव देणे मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरले होते, त्यामुळे त्या ओहोटीचे श्रेय या वादाला देता येत नाही.