मालदीवची मासेमारी: 'पारंपरिक' कशाला म्हणायचे?

चौदाव्या शतकात इथे राहून गेलेल्या एका प्रवाशाने उकडून धुरी दिलेला मालदीवचा मासा भारत, चीन आणि येमेनला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे या सुक्या मालाचे मोठे गिऱ्हाईक श्रीलंका ठरले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने या आयातीला कात्री लावली. सुक्या मालाचा धंदा बसला आणि ताजा ट्यूना परदेशी कंपन्यांना विकायची वाट धरावी लागली. १९७४ पासून शिडाच्या 'धोणी' होड्यांवर डिझेल इंजिने चढली.

पकडायची रीत मात्र बदलली नाही. प्रवाळाजवळ बारीक मासळी धरून ती होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवायची, ट्यूनाचा थवा दिसला की मुठीमुठीने फेकायची. सोबत पाण्याचे फवारे, म्हणजे वर मासळी उसळते आहे असा भास होतो. काठीला बांधलेल्या गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे काठीला झटका दिला की मासा मागे फळीवर पडून आपोआप सुटतो. खलाशांना पगार नाही, वाटा मिळतो.

घोळ आहे तो 'पारंपरिक' या शब्दाचा. हिंद महासागरातील ट्यूनाचे नियमन करणारी संस्था २४ मीटरपेक्षा लहान आणि स्वतःच्या हद्दीतच फिरणाऱ्या होड्या या वर्गात धरते. मालदीवच्या कित्येक नव्या होड्या त्याहून लांब आहेत. गळ पाहिला तर परंपरा, लांबी मोजली तर उद्योग! निर्यातीच्या बाजारात मालदीव गळ पुढे करतो, आणि त्यात गैर काही नाही. पण तीच होडी बर्फ आणि डिझेलच्या हिशेबावर चालते, हे त्या जाहिरातीत दिसत नाही.

लाँगलाइनचा वाद इथूनच पेटतो. मैलोन्‌मैल दोरी आणि हजारो गळ लावणारी परदेशी जहाजे मालदीवच्या सागरी हद्दीतल्या बाहेरच्या पट्ट्यात परवान्यावर येत. ते परवाने २०१०मध्ये थांबले. त्याच वर्षी शार्क पकडण्यावर देशभर बंदी आली. पण लगेच लाँगलाइनची पद्धत स्थानिक कंपन्यांना खुली झाली. म्हणजे आक्षेप दोरीला होता की झेंड्याला, हा प्रश्न उरलाच. २०१९मध्ये तीही बंद झाली. मधल्या काळात, २०११मध्ये, देश अल्पविकसित राष्ट्रांच्या यादीतून बाहेर पडला आणि २०१४पासून युरोपात त्याच्या माशांना मिळणारी शुल्कमाफीही गेली. २०२५मध्ये सरकारने लाँगलाइन पुन्हा सुरू करण्याची भाषा करताच स्थानिक मच्छीमारांचा विरोध झाला.