पेडलमध्ये खर्ज खातो कोण?

बेस गिटार शिकायला लागलेल्या प्रत्येकाला एक सल्ला फार लवकर मिळतो: गिटारचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी पायाने दाबायची पेटी, बेसला लावू नकोस, ते खर्ज खातं. अनुभव म्हणून सल्ला खरा आहे. पेडल दाबलं की आवाज चिरका आणि पातळ होतो, ड्रमखालचा आधार निघून जातो. पण त्याचं जे कारण सांगितलं जातं, की डिस्टॉर्शनमुळे खालचे स्वर नष्ट होतात, ते साफ चूक आहे. आणि कारण चुकीचं धरलं की निवडही चुकते. पेडल घेतलं जातं, थोड्याच दिवसांत विकलं जातं, मग दुसरं येतं, तेही विकलं जातं. सेकंडहँड पेडलांचा बराचसा व्यवहार या एका गैरसमजावर चालतो असं माझं मत आहे.

मुळात फझचा, म्हणजे घरघरत्या डिस्टॉर्शनचा, पहिला गाजलेला आवाज बेसचाच होता. १९६१ साली लोकप्रिय झालेल्या एका कंट्री गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाला आणि बेसचा आवाज घरघरत, फाटका बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तो आवाज ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम निर्माण केला आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने तो मायस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणला. म्हणजे बेस आणि डिस्टॉर्शन यांचं वैर जन्मजात नाही.

आता आकडे घेऊ. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड, ई ची तार मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्यावरच्या ए, डी, जी या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे बेसच्या बरोबर एक सप्तक वर. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे उपस्वरही निघतात: ८२, १२४, १६५ असे.

डिस्टॉर्शन म्हणजे काय, तर सिग्नलची लाट इतकी वाढवायची की सर्किटच्या मर्यादेबाहेर जाणारी तिची शिखरं कापली जावीत. गोल शिखरं सपाट होतात. हे टोकाला नेलं की साध्या लहरीची जवळजवळ चौकोनी लहर होते. आणि इथेच पहिला धक्का आहे. ज्या चौकोनी लहरीची उंची १ आहे, तिच्यातल्या मूळ स्वराची उंची ४ भागिले पाय (π), म्हणजे १.२७ असते. एकापेक्षा जास्त! शिखरं कापल्यामुळे मूळ स्वर घटत नाही; तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीत असतो त्याहून तो जास्तच असतो, आणि वर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर येतात. वरची आणि खालची शिखरं असमान कापली, तर समही येतात. मग खर्ज जातो कुठे?

तो जातो शिखरं कापली जाण्याच्या आधी, आणि त्याला अडवतो एक छोटासा कपॅसिटर.

पेडलमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरला किंवा ऑप-अँपला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, काम करण्यासाठी एक स्थिर विद्युतदाब लागतो. हा दाब पुढच्या टप्प्यात शिरला तर तिथला तोल बिघडतो. म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये कपॅसिटर बसवतात. त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये विद्युतरोधक असतो, त्यामुळे स्थिर प्रवाह त्यातून जात नाही. पण एका पट्टीवरचा दाब बदलला की दुसऱ्या पट्टीवरचा विद्युतभार हलतो, आणि बदलता सिग्नल पुढे जातो. सिग्नल भराभर बदलत असेल तर पट्टीवर भार साचायला वेळच मिळत नाही. सिग्नल जवळपास अखंड पोहोचतो. सिग्नल संथ असेल तर मात्र भार साचत जातो, साचलेला भार येणाऱ्या दाबाला विरोध करतो, आणि पुढे अगदी थोडं पोहोचतं. बेसची ई तार म्हणजे असा संथ सिग्नल.

संथ कशाला म्हणायचं, हे कपॅसिटर आणि त्याच्यापुढचा रोध मिळून ठरवतात. सूत्र सोपं आहे: १ भागिले (२ × पाय × रोध × धारिता). समजा कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा आणि रोध १०० किलोओहमचा आहे. उत्तर येतं १५९ हर्ट्झ. या सीमेवर सिग्नल सुमारे ७० टक्के उरतो आणि त्याखाली झपाट्याने घसरतो. गिटारची सर्वांत बारीक तार, ३३० हर्ट्झची, इथून ९० टक्के पार होते. गिटारची जाड तार ४६ टक्के. बेसची ई फक्त २५ टक्के. असे दोन टप्पे एकामागोमाग असतील तर बेसच्या हाती सोळावा हिस्सा उरतो. शिखरं कापून डिस्टॉर्शन करणाऱ्या डायोडपर्यंत खर्ज पोहोचलेलाच नसतो, तर तो बाहेर कुठून येणार?

आता तोच कपॅसिटर काढून ०.१ मायक्रोफॅरडचा लावा. सीमा १६ हर्ट्झवर उतरते आणि बेसची ई ९३ टक्के पार होते. पेडलमध्ये बाकी काहीही बदललेलं नाही.

गिटारचं पेडल बनवणारे हे अजाणता करत नाहीत. एकाच वेळी दोन स्वर कापले गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाची जोडी घेतली, ४१ आणि ६२ हर्ट्झची, तर वजाबाकी सुमारे २१ हर्ट्झ येते. हा मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर, म्हणून तो निदान सुरात तरी बसतो. इतर जोड्यांमध्ये तेवढी सोय नसते, नुसता चिखल होतो. गिटारवादक पूर्ण कॉर्ड वाजवतो, म्हणून त्याच्यासाठी खर्ज आधीच बारीक करणं शहाणपणाचं आहे. बेसवादक बहुतेक वेळा एकच स्वर वाजवतो. त्याला ही काटछाट नको असते.

ट्यूब स्क्रीमर हे इबानेझ कंपनीचं प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल, याचं सुंदर उदाहरण आहे. त्याच्या मुख्य टप्प्यात ४.७ किलोओहमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्यांची सीमा ७२० हर्ट्झ. ड्राइव्हचा नॉब पूर्ण फिरवला की या सीमेजवळचा क्षीण सिग्नल ८० पटींहून जास्त वाढतो, ४१ हर्ट्झचा जेमतेम सात पट. इथे खर्ज कापला जात नाही, मागे ठेवला जातो. ऐकणाऱ्याला फरक तोच वाटतो.

कपॅसिटरचा एक साथीदारही आहे, तो म्हणजे आपला कान. १००० हर्ट्झचा स्वर २ डेसिबलच्या आसपास असला तरी निरोगी कानाला शांततेत ऐकू येतो. ४० हर्ट्झचा स्वर ऐकू यायला सुमारे ५१ डेसिबल लागतात. डिस्टॉर्शनने वरचे उपस्वर भरले की आवाज मोठा वाटतो, आपण व्हॉल्यूम कमी करतो, आणि त्याबरोबर खर्ज कानाच्या उंबरठ्याखाली सरकतो. तो सर्किटमध्ये असतो, आपल्यापर्यंत येत नाही.

पण याच कानाचा एक गुण बेसवादकाच्या कामी येतो. ८२, १२४, १६५ आणि २०६ हर्ट्झचे उपस्वर एकत्र वाजवा आणि ४१ हर्ट्झ पूर्णपणे काढून टाका. तरी स्वर ४१ चाच ऐकू येतो! कारण या सर्वांची मिळून होणारी लाट दर २४ मिलिसेकंदांनी स्वतःला पुन्हा गिरवते, आणि मेंदू स्वराची उंची ठरवताना ती पुनरावृत्ती पकडतो. ऑगस्ट झेबेक यांनी भोकं पाडलेल्या चकतीच्या सायरनवर प्रयोग करून १८४१ मध्ये याकडे लक्ष वेधलं. जॉर्ज ओहमना, म्हणजे रोधाच्या नियमाच्या त्याच ओहमना, ते पटलं नाही, आणि दोघांत मोठा वाद झाला. १९४० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये यान स्हाउटेन यांच्या प्रयोगांनी झेबेकच्या निरीक्षणाला बळ दिलं. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ४१ हर्ट्झ जवळपास निघतच नाही, तरी बेसची ओळ आपल्याला गुणगुणता येते, ती यामुळे. म्हणून थोडं ओव्हरड्राइव्ह दिलेला बेस गर्दीच्या मिश्रणात जास्त स्पष्ट ऐकू येतो. खर्जाची जाणीव करून देणारे उपस्वर डिस्टॉर्शनच पुरवतं.

बेससाठी बनवलेल्या बऱ्याच पेडलांवर ब्लेंडचा नॉब असतो, त्यामागचा विचार आता लक्षात येईल. मूळ स्वच्छ सिग्नल एका वाटेने, डिस्टॉर्शन दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी दोन्हींची बेरीज. खर्ज स्वच्छ वाटेने येतो, उपस्वर दुसऱ्या. पण बेरीज करताना कला, म्हणजे लाटेची वेळ, जुळावी लागते. कपॅसिटर आणि रोधाची जोडी सिग्नल नुसता लहान करत नाही, त्याची कलाही पुढे सरकवते. आपल्या १५९ हर्ट्झच्या उदाहरणात ४१ हर्ट्झची लाट सुमारे ७५ अंशांनी सरकते. दोन टप्पे असतील तर १५१ अंशांनी. आणि १८० म्हणजे पूर्ण उलट. पुढे भरपूर वाढवून अशी लाट स्वच्छ लाटेइतकी मोठी झाली, तर एक अधिक एक दोन होत नाहीत, अर्धा होतो. एखादा टप्पा सिग्नल उलटवणारा असेल तर गणित पुन्हा बदलतं. त्यामुळे नुसत्या ब्लेंडच्या नॉबवर भाळू नका. नॉब सावकाश फिरवा. मध्यावर खर्ज दोन्ही टोकांपेक्षा पातळ वाटला तर कला जुळत नाही.

प्रीअँपबद्दल, म्हणजे वाद्याचा सिग्नल अँपकडे जाण्याआधी सावरणाऱ्या सर्किटबद्दल, थोडक्यात. तारेच्या कंपनाचा सिग्नल करणारं पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तारेचे हजारो वेढे. हे वेढे वाढत्या वारंवारितेला वाढता विरोध करतात. ५ हेन्रीचं पिकअप धरलं तर ३००० हर्ट्झला हा विरोध सुमारे ९४ किलोओहम होतो. पुढच्या यंत्राचा प्रवेशरोध २०-३० किलोओहमच असेल तर वरचे स्वर पिकअपमध्येच अडकतात. १ मेगाओहम असेल तर मोकळे सुटतात. प्रीअँपचं पहिलं काम हे. म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे या बेसमध्ये १९७६ साली प्रीअँप थेट वाद्याच्या पोटात बसवला गेला, तो याच सोयीसाठी. टोनचे नॉब हे प्रीअँपचं दुसरं काम, आणि तिथे हात आखडता ठेवावा. ४० हर्ट्झ १२ डेसिबलने वाढवले तर अँपकडून तिथे सोळा पट शक्ती मागितली जाते. शिवाय तेवढ्याच आवाजासाठी प्रत्येक सप्तक खाली उतरताना बंद पेटीतल्या स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. पेडलने गमावलेला खर्ज प्रीअँपने परत आणण्याचा खटाटोप म्हणूनच महागात पडतो.

खरेदी-विक्रीत विज्ञानापेक्षा श्रद्धा जास्त चालते, हे मला मनापासून खटकतं. अमुक साली बनलेली ४५५८ ही ऑप-अँपची चिप असली की आवाजात जादू असते, असं सांगून तेच सर्किट चढ्या भावाने विकलं जातं. क्लॉन सेंटॉर हे ओव्हरड्राइव्ह पेडल १९९४ मध्ये आलं, त्याचे सुमारे आठ हजार नग बनले आणि सर्किट कुणाला दिसू नये म्हणून त्यावर इपॉक्सी हा कडक होणारा चिकट पदार्थ ओतलेला होता. लोकांनी तो खरवडून सर्किट उलगडलं. आत नेहमीचेच भाग निघाले. रचना हुशारीची आहे, पण आजची किंमत दुर्मीळपणाची आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं थोडं वेगळं आहे. तापमान वाढलं की त्यातली गळती वाढते आणि आवाज खरोखर बदलतो. हे मोजता येतं, म्हणून ते मानावं.

दोन पेडलांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी समान पातळीवर आणा. जो मोठा, तो कानाला चांगला वाटतो, आणि खर्जात हा फसवेपणा अधिक असतो: पातळी थोडी वाढली तरी खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने मोठे वाटू लागतात. विक्रेत्याने पेडलचा व्हॉल्यूम जरा वर ठेवला की निम्मा सौदा तिथेच होतो.

जुनं पेडल हातात आलं की नॉब फिरवताना खरखर होते का बघा. पॉटमधली, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधातली, धूळ असेल तर क्लीनरने जाते. साफ करूनही गेली नाही, तर एखादा कपॅसिटर गळत असण्याची शक्यता आहे. अडवायचा तो स्थिर दाब तो आता पुढे सोडतो आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार सुकतात, फिल्मचे बरेच टिकतात. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं, पण काही जुन्या जर्मेनियम फझमध्ये धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. असं पेडल इतरांबरोबर एकाच वीजपुरवठ्यावर लावलं तर शॉर्ट होतं.

‘बेस मॉड केलेलं’, म्हणजे बेससाठी सर्किट बदललेलं, म्हणून जास्त पैसे मागितले, तर कोणता कपॅसिटर किती मायक्रोफॅरडवरून कितीवर नेला हे विचारा. आकडा मिळाला की वरच्या सूत्रात घाला. आकडा नाही मिळाला, तर ई ची मोकळी तार वाजवा, मग तोच ई ‘डी’ च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर), एक सप्तक वर. पेडल बंद असताना दोन्हींत जेवढा फरक वाटतो, साधारण तेवढाच पेडल चालू असताना वाटला तर काम झालेलं आहे. वरचा ई दणदणीत आणि मोकळी तार एकदम पोकळ वाटली, तर सीमा अजून वरच आहे, आणि ते पेडल गिटारवाल्याच्या जास्त उपयोगाचं आहे.